मी तपासलेली सॅक

हडपसरच्या आमच्या आयटी कंपनीत ट्रेकिंगचा ग्रुप होता. नवीन सामान आधी स्वतः वापरून बघायचं आणि सगळ्यांना मेल पाठवायची, हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. कोडिंगमध्ये मला कोणी विचारत नसे. सॅकबद्दल मात्र विचारत.

त्या जानेवारीत मी एक छोटी सॅक मागवली. लष्करी हिरवी, बाहेरून पट्ट्या शिवलेली, घडी घातली की स्वतःच्याच कप्प्यात मावणारी. सदाशिव पेठेतल्या खोलीवर मी तिच्यात सहा किलो तांदूळ भरून दोन दिवस खुंटीला टांगली. नळाखाली धरली. मग तीच पाठीवर घेऊन एका किल्ल्यावर जाऊन आलो. थंडी होती, एक बाटली पाणी पुरलं. मेलमध्ये लिहिलं: 'शिलाई पक्की. चेन जरा अडकते. एका दिवसाच्या ट्रेकला पुरेशी.'

माझा रूममेट वर्ध्याचा, आमच्याच कंपनीत टेस्टिंगला. त्यानं तशीच सॅक घेतली. एप्रिलमध्ये आम्ही दोघं त्याच किल्ल्याला निघालो. सकाळी त्याच्या सॅकमध्ये डबा आणि कॅमेरा गेला, पण दुसरी बाटली काही केल्या बसेना.

"राहू दे," मी म्हटलं. "वर टाकं आहे."

"वर्ध्याच्या उन्हात वाढलोय बे मी," तो म्हणाला आणि बाटली कॉटवर ठेवून दिली.

टाक्याच्या तळाशी हिरवा चिखल होता. उरलेलं पाणी आम्ही दोघं वाटून प्यायलो, तेही संपलं. उतरताना त्याचा घाम थांबला. मला स्वतःचा भाऊ समजून तो घरचं काहीबाही बोलू लागला. मग एका दगडापाशी बसला तो उठलाच नाही. मी पळत खालच्या वाडीत गेलो. चार माणसांनी त्याला घोंगडीच्या झोळीतून खाली आणलं. पुण्याच्या वाटेवर, जीपमध्येच तो गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. खोलीवर सामान आवरताना त्यांनी ती सॅक उचलली, आत हात घालून पाहिलं.

"पाणी किती होतं त्याच्यापाशी?"

"एक लिटर."

"एवढंच?"

"डबा, कॅमेरा ठेवला की यात तेवढंच बसतं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण दुसरी बाटली मीच मागे ठेवायला लावली, हे तोंडातून निघालं नाही.

त्यांनी सॅक कॉटवर ठेवली. मग म्हणाले, "तू जेवला का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. ते मला खालच्या खानावळीत घेऊन गेले. मला पोळी वाढायला सांगितली आणि स्वतः नुसतं ताक प्यायले.

सोमवारी मी ग्रुपला मेल पाठवली: उन्हाळ्यात ही सॅक नेऊ नका, बाकी सामानासोबत दोन लिटर पाणी मावत नाही. तिथंही त्या सकाळचं लिहिलं नाही. वर्ध्याला जाऊन खरं सांगायचं, असं मी दर उन्हाळ्यात ठरवतो. अजून गेलेलो नाही.