तीन बोटांचं तोंड

आमच्या घरात जाड असण्याला कोणी आजार म्हणत नसे. राळेगावच्या बाजारात कोणी आमचं घर विचारलं तर सांगणारा दोन्ही हात अंगापासून लांब धरून दाखवायचा, आणि विचारणाऱ्याला बरोबर कळायचं. बाबा तसे होते, दादा तसा आणि मीही तशीच. माझं लग्न वजनामुळे झालं नाही असं लोक म्हणतात. मी म्हणते, कोण्या बापड्याची पुण्याई आडवी आली. यवतमाळला पाटबंधारे खात्यात नोकरी आहे, स्वतःचं लहानसं घर आहे आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. एवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

बाबा जेवून खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच गेले. त्याआधी बरेच दिवस ते दुपारी झोपले की घोरता घोरता मध्येच थांबायचे. आवाज बंद, छाती बंद. मग हिसका बसल्यासारखा श्वास यायचा. आम्ही त्याला हसायचो. बाबांनंतर काही वर्षांनी मी राळेगावला गेले होते. दुपारी दादा बैठकीत आडवा झाला होता आणि वहिनी तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिचे हात थांबले. दादाचं घोरणं बंद पडलं होतं आणि ती ऐकत होती. पुन्हा सुरू झालं तेव्हा तिने ताट पुढे ओढलं. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मला भाऊ एकच आहे आणि तो मला जिवंत हवा होता. पुढचं सगळं त्यासाठीच केलं.

त्याला शुगर होती, बीपी होतं, गुडघे गेलेच होते. वावरात गेला तर धुऱ्याच्या बांधावर खुर्ची टाकून बसायचा आणि तिथूनच मजुरांवर ओरडायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नुसत्या पथ्याने आता भागणार नाही, पोटाचं ऑपरेशन करून घ्या. पोटाचा बराचसा भाग काढून टाकतात, उरतो तो केळ्याएवढा.

"माहं पोट मी कायले कापू देऊ?" दादा म्हणाला. "त्यानं कोणाचं काय बिघडवलं?"

मी त्याच्या मागेच लागले. फोन करून भांडले, घरी जाऊन भांडले, वहिनीला रडायला लावलं. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून तो म्हणाला, "तू करशीन तं मी करतो." त्याला वाटलं मी गार पडेन. दुसऱ्याच दिवशी मी माझंही नाव दिलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हालाही गरज होतीच, बरं झालं. मला त्यांचा रागच आला, पण भावासाठी गिळला.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून नवे आलेले, बोलणं अगदी पुस्तकातलं. पहिल्या भेटीत त्यांनी दादाला सगळं विचारलं. झोप कशी, दम लागतो का, आधी कुठली ऑपरेशनं झाली. मग म्हणाले, "काही व्यसन?"

"नाही जी."

"तंबाखू, सिगारेट, दारू?"

"आमच्या घरात चालतच नाही," दादा म्हणाला. मी मान हलवली, वहिनीनेही हलवली. दादाच्या शर्टाच्या खिशात तेव्हा खर्र्याची प्लास्टिकची पन्नी होती.

बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल, पण दादा खोटं बोलला नव्हता. आमच्याकडे तंबाखू म्हणजे म्हातारी माणसं तळहातावर चुना लावून मळतात ती. खर्रा वेगळा. पानठेलेवाला सुपारी, चुना आणि तंबाखूच पन्नीत घालून घासघास घासतो हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं, तरी तो वेगळा. तो पाहुण्याला देतात, लग्नाच्या मांडवात फिरवतात, ऑफिसात साहेब रुसला तर त्याच्यापुढे ठेवतात. व्यसन असतं ते दारूवाल्याला. खर्रा खाणाऱ्याला फक्त खर्रा लागतो. मी स्वतः खात नाही, पण त्या खोलीत मला त्याची आठवणही आली नाही.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं होतं. यकृतावरची चरबी उतरल्याशिवाय पोटापर्यंत हात पोचत नाही म्हणे. ताक, वरणाचं पाणी, भाज्यांचं सूप आणि डब्यातली पावडर दुधात कालवून. राळेगावला राहिला तर दादा हे करणार नाही, म्हणून मी त्याला आणि वहिनीला यवतमाळला आणलं. वावर सालदार गड्यावर सोडलं. दोघांसाठी एकच पातेलं, एकच पथ्य, आणि मी पहारेकरी.

पहिल्या चार दिवसांत माझी जी दशा झाली ती मी कोणाला सांगितली नाही. शेजारी फोडणी बसली की मला रडू फुटायचं. ऑफिसात एकाने आलुबोंडा खाल्ला तर मी त्याची रजा अडवली. वहिनीवर खेकसले, की सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी. दादा मात्र शांत होता. वाटी समोर आली की निमूट घ्यायचा, तक्रार नाही. जो माणूस भाकरीबरोबर ठेचा नसेल तर ताटावरून उठायचा, तो मिठाचंही विचारत नव्हता.

"पाह्य, तुह्यापेक्षा मीच सुधारलो," तो म्हणाला.

मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. वहिनी सांगू लागली की हे काही आजचं नाही, उन्हाळ्यापासूनच ते तिखट खात नाहीत. भाजी धुऊन खातात, भाकर वरणात कुस्करून मऊ करून खातात, पापडाला हात लावत नाहीत. "मनातूनच ठरवलं असन," ती म्हणाली. मला वाटलं, चला, माझ्या भांडणांचा काहीतरी उपयोग झाला.

आणखीही काही दिसत होतं. सूप गरम असलं की मी फुंकून प्यायचे, तो वाटी बाजूला ठेवून द्यायचा आणि पार गार झाल्यावर घ्यायचा. पूर्वी माझ्या फाटकाशी आला की शिट्टी मारायचा, तीही गल्लीभर ऐकू जाणारी. आता कडी वाजवायचा. मी म्हटलं, शिट्टी विसरलास का. "वय झालं," तो म्हणाला. बोलणंही थोडं गोळा झाल्यासारखं होतं, पण त्याच्या तोंडात सदा काहीतरी असायचंच, त्यामुळे ते कोणाच्या कानाला खटकलं नाही.

सकाळी तो कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत चालत जायचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. एकदा मी हटकलं, "दादा, घट्ट काही तोंडात घालायचं नाही म्हटलं ना?"

"खर्रा कोणी गिळते का?" तो म्हणाला. "उपासाले चालते, मंग याले काहून नाही चालणार?"

"चतुर्थीलेही खातेत ते," वहिनी म्हणाली.

मी आमच्या देवांचाही उपास इतका कडक करत नाही, मग डॉक्टरांचा काय म्हणून करायचा, असंच मला वाटलं. त्या दोन आठवड्यांत त्याचं वजन माझ्यापेक्षा जास्त उतरलं. मी वजनकाट्यावर उभी राहून त्याच्याशी भांडले.

भरती होण्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचं होतं. आम्ही पहाटेच नागपूरला निघालो. वहिनीने देवाला नारळ ठेवला होता, दादाने नवा शर्ट घातला होता. भूल देणाऱ्या बाई आमच्याच भागातल्या होत्या, हे त्यांच्या पहिल्या वाक्यात कळलं. वयाने माझ्याएवढ्या, आवाज खणखणीत. त्यांनी दादाची छाती तपासली, मान मागे-पुढे करायला लावली. मग म्हणाल्या, "तोंड उघडा बरं, दादा."

दादाने उघडलं.

"पूर्ण उघडा."

"एवढंच उघडते जी."

"तुमच्याच हाताची तीन बोटं अशी उभी धरा आणि तोंडात घाला."

दादाने एक बोट घातलं. दुसरं घालताना त्याला जोर लावावा लागला, आणि ते दातांशीच अडलं. तिसरं बाहेरच राहिलं. तो हसायचा प्रयत्न करत होता, दोन बोटं ओठांत धरून. बाईंनी टॉर्च लावली, त्याचा गाल चमच्यासारख्या पट्टीने बाजूला ओढला आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या.

"खर्रा कधीपासून?" त्यांनी विचारलं. खाता का, असं विचारलं नाही.

"कॉलेजात होतो तवापासून."

"इथं तर तंबाखू नाही म्हणून सांगितलंय."

"तंबाखू नाहीच खात मी. खर्रा खातो."

त्या चिडतील असं मला वाटलं. मी तर चिडलेच असते. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी कागदावरचं ते खोडलं.

"तिखट खाल्लं की आग होते?"

"होते. मागच्या उन्हाळ्यापासून."

मी वहिनीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता. "मले वाटलं का पथ्य पाळून राह्यले," ती म्हणाली. ती हे कोणाला सांगत होती ते कळलं नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. भूल दिल्यावर श्वासाची नळी तोंडातून घालावी लागते, आणि या तोंडातून ती जाणं कठीण आहे. त्यावर उपाय आहेत. पण त्यांना काळजी नळीची नव्हती. खर्र्याने गाल आतून आखडले होते, आणि शेवटच्या दाढेमागे एक जखम होती. ती त्यांना बरी दिसत नव्हती. तोंडाच्या डॉक्टरांना आजच दाखवा, म्हणाल्या, पोटाचं नंतर पाहू. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही."

मी तोंड उघडलं. माझी तीन बोटं सहज आत गेली, चौथंही गेलं असतं. दादा पाहत होता.

"हिचं तोंड पहिलेपासूनच मोठं हाये," तो म्हणाला. बाई हसल्या, वहिनीही रडता रडता हसली. मी तोंडातून बोटं काढायचं विसरले होते.

त्याच दुपारी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. मी म्हटलं, माझंही रद्द करा, मला काही कापून घ्यायचं नाही. तेव्हा दादा पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. आखडलेल्या तोंडाने ओरडला, त्यामुळे आवाज लहानच आला.

"दोघंही पडलो तं तुही वहिनी कोणाकोणाकडं पाहीन? तू उरकून घे. उभी राह्य. मंग मले पाहाले तूच लागशीन."

म्हणजे त्याला तुकड्याचं उत्तर ठाऊक होतं. मला वाटतं, शिट्टी वाजेनाशी झाली तेव्हाच त्याला कळलं होतं. मला भूल द्यायला आत नेताना तो दाराशी बसला होता, आणि आत जाताना मी एकच विचार करत होते, की ज्याच्यासाठी इथवर आले तो बाहेर बसलाय आणि पोट मात्र माझं कापतायत. देवावर इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

उत्तर आलं ते कॅन्सरचंच. दादाच्या जबड्याचा एका बाजूचा भाग काढावा लागला, मग किरणांचे शेक झाले. त्यानंतर गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. वहिनी पुन्हा तेच पातेलं चढवू लागली. ताक, वरणाचं पाणी, पावडर कालवलेलं दूध. मला केळ्याएवढ्या पोटामुळे जास्त जात नव्हतं आणि त्याला तोंडामुळे. समोरासमोर बसून आम्ही वाटीवाटीने प्यायचो. माझी वाटी आधी संपायची. तो मान वर करून पाहायचा, पण चिडवायचा नाही. चिडवायला शब्द लागतात आणि त्याचे शब्द आता वहिनीशिवाय कोणाला उमगत नाहीत.

परवा त्याला तपासणीला न्यायचं होतं म्हणून आम्ही राळेगावच्या बसस्टँडवर उभे होतो. ऊन कडक होतं, सगळ्यांसारखा त्यानेही तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. शर्ट अंगावर लोंबत होता. ओळखीचा एक कास्तकार रस्ता ओलांडून आला, दादाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. दादा पुढे झोकांडला, मी दंड धरला.

"काय भाऊ, वळखूच नाही आले," तो म्हणाला. "लयच मस्त काम झालं बा. नागपूरले केलं ना? मले तं सांगतलं होतं कोणी, बहीण-भाऊ दोघंही पोटाचं करून राह्यले म्हणून."

मी बोलायला तोंड उघडलं. दादाने माझं मनगट धरलं. त्याच्या बोटांत आता जोर नाही, पण धरलं. कॅन्सरचं गावात कोणाला सांगायचं नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी आम्हा दोघींकडून वदवून घेतलं होतं.

"जेवण कमी झालं असन?" त्या माणसाने विचारलं.

दादाने मान हलवली.

"मंग बरंच झालं." त्याने मला पाहिलं, पुन्हा दादाला पाहिलं. "बाई, तुमच्यापेक्षा यायचंच जास्त उतरलं. एकाच डॉक्टरनं केलं का दोघायचं?"

दादाचा हात माझ्या मनगटावर होता.

"हो," मी म्हटलं. "एकाच."