वकीलमामांचा साक्षीदार

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी वकीलमामा ड्रायव्हरचं तोंड उघडायचे. तसे ते डिचोलीच्या बाजारामागचे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. कोर्टाची पायरी कधी चढले नाहीत. पण उलटतपासणी अशी, की ड्रायव्हर गाडीचं राहू दे, घरातली भांडणंही कबूल करून बसायचा. मामांच्या शिव्या कोंकणीत आणि आरत्या मराठीत. त्यामुळे गोव्यात कोंकणी-मराठी वाद तापला होता त्या दिवसांत दोन्ही बाजू त्यांना आपलाच माणूस समजत.

खाणीवर आम्हा गाडीवाल्यांचे खनिज वाहणारे टिपर धावत. टिपरचा हौदा उचलणाऱ्या पंपाला गिअरबॉक्समधून ताकद मिळते, त्या जोडणीला आम्ही पीटीओ म्हणतो. ती चालू असली की तिच्यावरचा सेन्सर डॅशबोर्डवर लाल दिवा लावतो. दिवा उगाच पेटू लागला, की ड्रायव्हर सेन्सरची वायर कापून मोकळे! मग मामांचं डोकं फिरायचं. "सेन्सर साक्षीदार रे, चोर न्हय! पयलीं वायर पळय, मागीर ताका मार." आधी वायर बघ, मग त्याला मार, हा मामांचा कायदा.

माझ्या एकुलत्या एका टिपरला हीच बाधा झाली. पीटीओ बंद, तरी खड्ड्यात चाक गेलं की दिवा पेटे. सुपरवायझरने बजावलं, उद्या दिवा दिसला तर गाडी रांगेतून बाहेर. घर त्याच गाडीवर चालायचं. मी गाडी घेऊन मामांकडे गेलो. मामांनी सेन्सरचा प्लग काढला आणि मला डॅशबोर्डवर बुक्की मारायला सांगितली. दिवा पेटला. मामा खूश! "साक्षीदार घरा गेलो, तरी साक्ष चालूच! मदीं कोण उलयता तो सोद."

मधे बोलत होता गणपती. बायकोने डॅशबोर्डवर बसवून घेतलेल्या मूर्तीचा स्क्रू वायरीत घुसून बॉडीला टेकत होता. आता बायको अडून बसली. कौल घेतल्याशिवाय देव हलणार नाही! मी देवळात धावलो. मूर्तीला चिकटवलेली कौलाची पाकळी काही पडेना. परत येऊन पाहतो तर मामा केबिनमध्ये पाय पसरून बसलेले. "देवाक तूं विचार. वायरीक हांवें विचारलां."

संध्याकाळी एकदाची उजवी, होकाराची पाकळी पडली. गणपती चार बोटं सरकला, वायरीला टेप लागली, गाडी रांगेत राहिली. देवापुढच्या नारळातला अर्धा मामांनी हक्काने मागून घेतला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामा म्हापशाला इस्पितळात होते. बोटाला नाडी मोजणारा चिमटा, उशाशी यंत्र. मी भेटायला गेलो आणि यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावली, मला रडू फुटलं. मामांनी एक डोळा उघडला. "रे, पयलीं वायर पळय. रडप मागीर." चिमटा चादरीत निसटला होता. नर्ससुद्धा हसली.

त्याच आठवड्यात यंत्र पुन्हा ओरडलं, तेव्हाही मी तिथेच होतो. नर्स येईपर्यंत मी मामांचं बोट पाहिलं. चिमटा घट्ट होता. वायर हाताने चाचपत यंत्रापर्यंत गेलो, तसाच परत आलो. सगळं जिथल्या तिथे होतं.

मग रडलो.