अकरा नंबरच्या जिनचं ग्रीस

कॉम्प्युटर आला त्या आठवड्यात मी पहिलं काम काय केलं, तर आमच्या तेलवाल्याला मशीन करून टाकलं. हिंगोलीजवळच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग मिलमध्ये मी देखभालीचा कारकून. कोणत्या मशीनला कधी ग्रीस, कधी नवा पट्टा, हे आता कॉम्प्युटर सांगणार होता. त्यासाठी यादी भरायची होती. माणसांचं पान वेगळं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण तेव्हा मी माउस टेबलाखाली पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. सोमवारी छापून आलं: तेलवाला. उघडून साफ करणे, ग्रीस भरणे, पट्टा ताणणे. दर पंधरा दिवसांनी.

तेलवाले म्हणजे तांड्यावरचे आमचे मामा. माझ्याहून बरेच मोठे, म्हणून सगळेच मामा म्हणायचे. मी त्यांना ते वाचून दाखवलं.

"बराबर हाय की," ते म्हणाले. "गुडघे करकर करून राहिले. पट्टा मात्र नका ताणू भाऊ, धोतर सुटंल."

हसलो ते तेवढंच. पुढचं आठवलं की आजही माझे कान तापतात.

मामांची रीत अशी, की लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. जिनच्या पोटात काय दुखतंय ते त्यांना ऐकू यायचं. मग डब्यातून ग्रीस काढायचं आणि भरायचं, कुणाला विचारायचं नाही. मॅनेजर साहेबांनी हे बंद केलं. ग्रीसच्या खोलीला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. कॉम्प्युटरमधून कार्ड छापून आलं तरच ग्रीस मिळणार.

आणि कार्ड छापायला लाइट कुठे होती? ते लोडशेडिंगचे दिवस. मिलला वेगळी लाइन, ती चालू. ऑफिस गावाच्या लाइनवर, ते दिवसभर बंद. मशीन चालायच्या आणि मशीनची आठवण करून देणारा झोपलेला असायचा. लाइट गेल्यावर त्याला चालवणारी बॅटरी पहिल्या महिन्यातच मेली. सगळ्या मिलची देखभाल त्याच्या पोटात भरलेली, स्वतःच्या बॅटरीची एक ओळ नव्हती.

ऐन हंगामात, एका गुरुवारी मामा आले. "अकरा नंबर गुरगुरून राहिली, साहेब. ग्रीस द्या."

"कार्ड आण," साहेब म्हणाले.

"लाइट नाही, साहेब," मी म्हणालो.

"मग लाइट आल्यावर."

शुक्रवारी हेच. शनिवारी हेच. शनिवारी मामांनी मला कोपऱ्यात धरलं. "भाऊ, मशीन का लाइटीसाठी थांबते का? तुमी बोला ना सायबाला." मी बोललो. म्हणजे काय बोललो, तर "हं, बघतो" असं मामांनाच बोललो.

संध्याकाळी लाइट आली. शेठला दर शनिवारी अहवाल जायचा. पडद्यावर राहिलेल्या कामांच्या लाल ओळीच ओळी. साहेब मागे उभे राहून म्हणाले, "मला लाल दिसता कामा नये." मी एकेका ओळीवर 'झाले' दाबत गेलो. अकरा नंबरवरही. मनात म्हटलं, आता साहेब किल्ली घेऊन घरी निघालेत, सोमवारी पहिलं कार्ड हेच काढू.

सोमवारी सकाळी मी पोचायच्या आत अकरा नंबरचं बेअरिंग जाम झालं होतं. तापून लाल झालं, शेजारच्या कापसाने पेट घेतला. मामांनी पोत्याने आणि वाळूने विझवलं. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. साहेबांनी शनिवारचा कागद नाचवला. "कॉम्प्युटरमध्ये ग्रीस भरलंय. मग ते गेलं कुठं? कामावर झोपला होता हा!" मामांना त्याच दिवशी घरी बसवलं.

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

आठ दिवस मी सगळ्यांवर चिडलो. वीज मंडळावर, कॉम्प्युटरवर, घरी वरणातल्या मिठावर. बायको म्हणाली, "मीठ रोजचंच हाये. तुमाला काय झालं ते सांगा." मग सगळं सांगितलं. ती माझं ताट उचलून मोरीकडे गेली, त्याने मी आणखी चिडलो.

नवव्या दिवशी साहेबांनी तोच कागद माझ्यापुढे सरकवला. "इथं सही कर. कायमचं काढायचंय त्याला, पुरावा लागतो."

मला अजून कळत नाही तो आवाज माझाच होता का. "ग्रीस भरलंच नव्हतं! किल्ली तुमच्या खिशात होती! तीन दिवस तो माणूस मागत होता, आणि 'झाले' मी दाबलं, तुम्ही मागे उभे होता!" बाहेरचे हमाल दारात गोळा झाले. साहेब म्हणाले, "हळू बोल." मी म्हणालो, "हळूच बोलत आलो आजवर, म्हणून त्याचा हात भाजला." हे सगळं त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं, सही केली आणि कागद थेट शेठच्या टेबलावर ठेवला.

मामांना परत घेतलं. साहेबांचं काही झालं नाही, किल्लीही त्यांच्याच खिशात राहिली. मला कॉम्प्युटरवरून उठवून कापसाच्या वजनकाट्यावर बसवलं.

घरी आल्यावर मी शिरा ताणून सगळं सांगितलं. शेठचा चेहरा, हमालांची गर्दी, सगळं. मला वाटलं, आज तरी ही कौतुक करेल. ती चुलीवरचं पातेलं उतरवून पदराला हात पुसत म्हणाली, "सायबाला सांगितलं, शेठला सांगितलं. आठ दिवस अख्खा तांडा मामांच्या बायकोला म्हणून राहिला का तुझा नवरा कामावर झोपते. तिला कोण सांगणार? घाला चपला. मी बी येते."