परतीचा हुकूम आधी

प्रमिला डोंगरे मॅडमची आणि माझी पहिली भेट गोंदियाच्या एका तंत्रनिकेतनात झाली. जोडणी असूनही फाइल सरकत नव्हती, म्हणून मी वायर काढून पुन्हा खोचत होतो. मॅडम मागे येऊन म्हणाल्या, "वायरीचा कान काऊन पिळून राहिले? आधी यंत्राला विचारा." त्यांनी पडद्यावर ethtool eth0 एवढेच टंकले आणि काय आश्चर्य! जोडणी आहे की नाही, तिचा वेग किती, बोलणे एकेरी की दुहेरी, सारे ओळीओळीने समोर आले. संगणकाला असे विचारता येते आणि तो खरे उत्तर देतो, हा आनंद माझ्या मनातून अजून ओसरलेला नाही.

पुढे मी मॅडमचा सहकारी झालो. दरवर्षी नव्या मुलांना त्या जोडणीचे दोन प्रकार समजावत. "धानाच्या बांधीतल्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, एका वेळी एकच माणूस जातो, समोरचा थांबतो. हे झालं हाफ ड्युप्लेक्स. मोठ्या रस्त्यावर दोन्हीकडून गाड्या धावतात. ते फुल. आता एक टोक धुरा समजलं आणि दुसरं रस्ता, तर काय होईल?" मुले एका सुरात म्हणत, "टक्कर!"

या शिकवणीची खरी कसोटी केशोरीकडच्या एका लहान धर्मादाय दवाखान्यात लागली. तिथल्या संगणकाची देखभाल मॅडम आणि मी गोंदियात बसून, सेवा म्हणून करत असू. एका दुपारी मंदा सिस्टरांचा फोन आला. यशोदाबाई नावाच्या बाई तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावरून पाठीवर पडल्या होत्या. एक्स-रे काढला होता, पण गोंदियाच्या डॉक्टरांकडे तो पोहोचत नव्हता. दर वेळी अर्ध्यावर अडकत होता. मणका दुखावला असेल तर त्यांना बसवून नेणे धोक्याचे होते. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली, आणि दारात जीप उभी.

फोनमधून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "कायले थांबून राहिले? बसवा ना तिले जीपमधी!"

"काका, डॉक्टर सांगत नाही तोवर हात नका लावू!" सिस्टर तितक्याच जोराने म्हणाल्या.

मॅडमनी आधी यंत्राला विचारले. जोडणी आहे, वेग शंभर, ड्युप्लेक्स हाफ. टक्करींचा आकडा वाढतच होता.

"सिस्टर, वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या स्विचला, त्या जोडणीच्या डबीला, कोणी हात लावला होता का?"

"हो बाई, मागं एक माणूस येऊन गेला. म्हणे, फुल करून देतो, जोरात चालन."

उलगडा झाला! स्विच 'फुल'वर कायम करताना त्याचे आपोआप वाटाघाटी करणे, म्हणजे समोरच्या टोकाशी बोलून प्रकार ठरवणे, बंद झाले होते. समोरून उत्तर न आल्याने संगणकाने रिवाजाप्रमाणे 'हाफ' धरले. उपाय सोपा होता: संगणकालाही 'फुल' सांगायचे. पण आम्ही त्याच वायरीतून तिथे पोहोचलो होतो. हुकूम चुकला, तर संगणक हाताबाहेर जाणार आणि तो परत आणणारे तिथे कोणी नव्हते.

माझी बोटे कळफलकावर होती. "थांबा," मॅडम म्हणाल्या, "परतीचा हुकूम आधी." दोन मिनिटांनी संगणकाने आपणहून जुन्या स्थितीत परतावे, अशी सूचना त्यांनी प्रथम दिली. मगच मूळ हुकूम गेला: ethtool -s eth0 speed 100 duplex full autoneg off.

पडदा गोठला. मग कर्सर लुकलुकला. "फुल!" मी ओरडलोच. "सिस्टर, पाठवा!"

"अहो, परतीचा हुकूम अजून जागा आहे!" मॅडमनी मला अडवले. "तो मागे घ्या, नाही तर फोटो पुन्हा अर्ध्यावर लटकेल."

मी तो रद्द केला. एक्स-रे अखंड पोहोचला. डॉक्टरांचे उत्तर आले: मणक्याला तडा आहे, मुळीच बसवू नका. जीप रिकामी परतली; यशोदाबाई फळीवर सपाट झोपून, उशिरा आलेल्या रुग्णवाहिकेने गोंदियाला आल्या आणि बऱ्या झाल्या.

असा दिलेला हुकूम संगणक पुन्हा सुरू होताच पुसला जातो. म्हणून रविवारी मॅडम एसटीने केशोरीकडे गेल्या आणि दोन्ही टोके पुन्हा वाटाघाटीवर ठेवून आल्या. स्विच बदलणाऱ्या कारागिरालाही त्यांनी फोन केला. "तुमचं फुल बरोबरच होतं, फक्त समोरच्याला सांगायचं राहिलं." तो माणूस आता शंका आली की मॅडमनाच विचारतो. मंदा सिस्टर कळफलकाला हात लावायला घाबरत होत्या. "माझ्यानं बिघडलं त?" मॅडम हसल्या, "विचारल्यानं काही बिघडत नाही, सिस्टर. बदलण्याआधी मात्र मला फोन करा." आज सिस्टर स्वतः यंत्राला विचारतात, आणि निकाल आम्हाला ऐटीत ऐकवतात.

मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. त्यांची नजर अशीच स्वच्छ, प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांना त्यांच्या तोंडून धुरा आणि रस्ता ऐकायला मिळो, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. सत्काराचे निमंत्रण द्यायला मी दवाखान्यात फोन केला, तेव्हा यशोदाबाई तिथेच होत्या. सिस्टरांच्या हातून फोन घेऊन त्या म्हणाल्या, "बाईले सांगा, मी येईन. आन् जीपमधी बसून येईन!"