धानाच्या खोलीचा मंजूर नकाशा

आई आंधळगावात एकटी राहत होती. वडील गेल्यापासून तिला माझ्याकडे आणायचं म्हणून मी दोन वर्षं तिच्या विनवण्या करत होतो. आणीबाणी उठली त्या सुमारास मी नोकरीच्या गावी नगरपालिकेच्या हद्दीत एक प्लॉट घेतला, तेव्हा कुठं ती बघायला आली. पदर खोचून रिकाम्या जागेत पावलं टाकत फिरली आणि थांबून म्हणाली, "धान कुठं ठेवशीन?"

"इथं, स्वयंपाकघराला लागून."

"खिडकी नको ठेवजो तिथं. ओल धरते धान. तशी खोली झाली त येईन. नाही त मी गावातच बरी हाय."

झालं! मी गणिताचा मास्तर, एका खोलीचं ते काय मोठं गणित? नकाशा काढणाऱ्यानं त्या खोलीवर सुबक अक्षरात 'धान्य कोठार' असं लिहिलं. तीन निळ्या प्रती निघाल्या. त्या छातीशी धरून मी नगरपालिकेत असा शिरलो, जणू नाटकात राजाच येतोय.

बांधकामाचे बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, "गुरुजी, हे गोदाम काहून दाखवलं घरात?"

"गोदाम नाही हो. आईचं धान राहील त्यात."

"किती पोते?"

"पंधरा."

"खाणारे?"

"चार."

"चार जणायले पंधरा पोते? व्यापारच झाला नं तो."

"तुमच्या घरी किती लागतात?"

"अठरा," बाबू शांतपणे म्हणाले. "पण मी कुठं नकाशात दाखवले?"

मग त्यांनी मला वर्गात उभं करून शिकवावं तसं शिकवलं. राहत्या घराची फाईल वेगळी, धंद्याच्या बांधकामाची वेगळी. गोदाम आलं की धंदा आला. धंदा आला की समोरचा रस्ता रुंद हवा, गाडी लावून माल उतरवायला जागा हवी, आगीसाठी वाळूच्या बादल्या हव्यात. आमचा रस्ता एवढा की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरकावं लागे.

"मग लिहू काय?"

"शयनगृह लिहा. झोपायवर कोणाची हरकत नसते."

मी शयनगृह लिहून आणलं. पुन्हा तीन निळ्या प्रती, पुन्हा हेलपाटे. एकदा बाबू रजेवर, एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा दोघंही हजर पण शिक्का कपाटात आणि किल्ली घरी! शेवटी फाईल परत आली ती लाल पेन्सिलीच्या गोलासकट : शयनगृहास खिडकी नाही.

"अहो बाबू, त्यात धान राहणार आहे, तुम्हीच तर..."

"धान कोंडलेलं चालते, गुरुजी. माणूस कोंडता येत नाही. नियम हाय."

नकाशात खिडकी काढली आणि नकाशा मंजूर झाला. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे आणि परमिट मंजूर नकाशावर. म्हणून त्या निळ्या कागदाला मी देवघरात ठेवलं होतं, हे मी आज लाज सोडून सांगतो.

बांधकाम सुरू झालं. मिस्त्री माझा, हुकूम आईचा. दर रविवारी ती एसटीनं यायची आणि विटांच्या ढिगावर उभी राहून सूचना द्यायची. त्या खोलीची खिडकी कागदावरच राहिली. भिंत मात्र अखंड उभी राहिली.

धान मळून झालं आणि दोन बैलगाड्यांवर पोती घालून आई आली. "आठ दिवस पाहीन," उतरता उतरताच तिनं बजावलं.

चौथ्या दिवशी ओव्हरसिअर आले. बांधकाम नकाशाप्रमाणं झालं अशी त्यांची सही झाल्याशिवाय घराला नळ मिळणार नव्हता, आणि बायको गल्लीतल्या नळावर रांग लावून पाणी आणून आणून माझ्याशी बोलेनाशी झाली होती.

"खिडकी कुठं हाय?" ओव्हरसिअरांनी विचारलं.

"खिडकी कायले, बाबू?" आई मध्ये पडली. "धान हाय तिथं."

हा गृहस्थ सिहोऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. त्यानं पोत्यातून मूठभर धान घेतलं, हुंगलं, एक दाणा दाताखाली फोडला. "चिन्नोर! वासाचा तांदूळ. मस्त वाळलं हाय, माय."

माझ्या जिवात जीव आला.

"धान चांगलं हाय," मूठ परत पोत्यात सोडत तो म्हणाला, "पण खिडकी नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं भिंत फोडायला घेतली. पोती ओढून बैठकीच्या खोलीत भिंतीला लावली आणि धूळ बसू नये म्हणून बायकोनं वर चादर घातली. आईनं थेट गाडीवाल्याला निरोप धाडला : सोमवारी ये, मी गावाले परत येऊन राहिली. पाच महिन्यांचे हेलपाटे आणि परमिटचं सिमेंट, सगळं त्या भोकातून बाहेर चाललं होतं!

चौकट बसली तेव्हा मिस्त्रीला चार शब्द सुनवायला आई खिडकीशी गेली. समोरच तो गल्लीचा सार्वजनिक नळ होता. तिथली एक बाई वर बघून म्हणाली, "काकू, नवीन आल्या का? गाव कोणतं?" आईनं सांगितलं. त्या बाईचं माहेर निघालं आंधळगावच्या शेजारचं. दुपारपर्यंत आईला गल्लीतल्या सगळ्या सुना, त्यांच्या सासवा आणि कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं पाठ झालं. मला प्लॉट घेतल्यापासून एवढं कळलं नव्हतं.

शनिवारी ओव्हरसिअर परत आले. खिडकी बघितली, मोजली, मान डोलावली आणि सही करायला बैठकीत येऊन चादरीवर टेकले. बसल्या बसल्या त्यांनी हातानं खाली दाबून पाहिलं.

"हे काय हाय, गुरुजी?"

"बसायची सोय."

"टणक हाय जरा," ते म्हणाले आणि मांडीवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

सोमवारी गाडीवाला दारात येऊन उभा राहिला. मी आईला हाक मारली. खिडकीच्या खोलीतून तिचा आवाज आला, "काय होऊन राहिलं?"

"मा, गाडी आली."

ती बाहेर आली, गाडीवाल्याकडे बघून म्हणाली, "जाय बाबू परत. अन् येताना माझी खाट घेऊन ये." आणि घाईनं पुन्हा आत गेली. खिडकीबाहेर कोणीतरी हंडा कमरेवर घेऊन तिच्यासाठी थांबलं होतं.