एका संगणकातली दोन घड्याळं आणि भोईर सर

हरेश्वर भोईर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टेबलाखाली होते. ऐरोलीच्या कार्यालयात माझी मुलाखत होती. कुठली तरी केबल सैल झाली होती आणि ती खोचायला विभागप्रमुख स्वतः गुडघ्यांवर बसले होते. "बसा, आलोच," असा खालून आवाज आला.

वर आल्यावर त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. शेजारी तीन टेबलं होती. एकावर विंडोज, एकावर मॅक, एकावर लिनक्स, आणि तिन्हींवर आमच्या कंपनीचा एकच प्रोग्रॅम. तिसऱ्या टेबलावरून छापलेल्या अहवालाची उजवी कड कापली जात होती. "का ते शोधा," असं सांगून सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. जे जे कारण नव्हतं ते मी तपासून बाजूला काढलं आणि शेवटी म्हणाले, "कारण मला अजून माहीत नाही."

"प्रिंटर बिघडला असेल, असं नाही म्हणालात? आधीचे सगळे तेच म्हणाले."

"प्रिंटर बदलून पाहिला. तो नाही."

सर हसले. "कधीपासून येता?"

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या वाचकांत सरांच्या नावडे गावची माणसंही असतील, म्हणून आमचं काम थोडक्यात सांगते. आमची कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कोणता रुग्ण यंत्रावर कधी लागला, कधी सुटला, त्याचं वजन आणि रक्तदाब किती, हे सगळं त्यात नोंदलं जातं. केंद्रांकडचे कॉम्प्युटर मात्र सारखे नसतात. कुठे विंडोज, कुठे मॅक, कुठे देणगीत आलेले आणि लिनक्सवर चालणारे. या ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे तीन घरांचे तीन कारभारी. तेच सामान तिघांच्या हाती दिलं तर प्रत्येक जण ते आपल्या रीतीने लावणार. एका घरात बिनबोभाट चालणारी गोष्ट दुसऱ्या घरात अडते, आणि का अडली हे कारभारी आपण होऊन सांगत नाहीत. ते शोधून काढणं हे सरांचं आयुष्यभराचं काम.

आमच्या धंद्यात एक वाक्य रोज ऐकू येतं. "माझ्याकडे तर चालतंय." सरांच्या विभागात या वाक्याला शिक्षा आहे. जो ते म्हणेल त्याने उठायचं आणि जिथे चालत नाही तिथे जायचं. तिथे गेल्यावर पहिली सकाळ कीबोर्डला हात लावायचा नाही. समोरचं माणूस कसं काम करतं ते नुसतं बघायचं. नव्या मुलांना यात कमीपणा वाटतो. "सर, एवढं शिकून नुसतं बसायचं?" आमच्या नीलेशने एकदा विचारलं.

"बसून बघायला जास्त शिकावं लागतं रे," सर म्हणाले. "बोलायला त्यामानाने कमी."

सर कुणाच्या खासगी चौकशा करत नाहीत. मीही स्वतःबद्दल फारसं बोलत नाही, त्यामुळे आमचं जमलं. माझ्या वडिलांच्या आजारपणात सुट्टीच्या दिवशीचे तातडीचे फोन माझ्याऐवजी सर घेत होते, हे मला एका ग्राहकाकडून कळलं. त्याबद्दल ते बोलले नाहीत आणि मी आभार मानले नाहीत. ते इथे मानते.

एकदा त्यांनी सगळ्या विभागाला नावड्याला घरी जेवायला बोलावलं. मी मासे खात नाही हे कळल्यावर सरांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, कपाळाला हात लावला. "मंग ही काय खानार? निस्ता भात?"

"ही वेगल्या सिस्टीमवर चालते, आक्का," सर घरच्या बोलीत म्हणाले. "आपला जेवान हिच्यावर पन चालला पायजे."

माझ्या ताटात वालाचं बिरडं होतं. वाल भिजवून, मोड आणून, सोलायला आधीपासून तयारी लागते. म्हणजे आक्कांना पत्ता नसला तरी सरांनी स्वयंपाकघरात आधीच सांगून ठेवलं होतं.

पण सर नेमके कोण आहेत हे मला समजलं ते तळोज्याजवळच्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात. तिथे मंगल जाधव नावाच्या सिस्टर सकाळच्या पाळीला असत. मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला जुईनगरला. त्यांची पाळी असली की पहिल्या रुग्णांच्या नोंदी उलट्या दिसत. डायलिसिस सुरू झालं दुपारी आणि संपलं त्याच दिवशी सकाळी. दुसऱ्या सिस्टर असल्या की सगळं ठीक. वेळ प्रोग्रॅम स्वतःच टाकतो, पण कुणी विसरलं तर ती हाताने बदलायची सोय आहे, आणि संशय तिथून आला. मंगलताई उशिरा येतात आणि मागाहून अंदाजे वेळा भरतात, असा अर्थ ट्रस्टने काढला. त्यांना नोटीस गेली. पुढच्या बैठकीत त्यांना ठेवायचं की काढायचं हे ठरणार होतं.

नीलेशने तिन्ही टेबलांवर प्रोग्रॅम तपासला. "सर, तिन्हीकडे चालतंय. सिस्टरचाच घोळ आहे." आमच्या व्यवस्थापकांनाही हे उत्तर सोयीचं होतं.

"तिन्हीकडे चालतंय ना?" सर म्हणाले. "मग मंगल सिस्टरना तुझ्या टेबलावर नोकरी दे. तिथे तरी त्यांच्यावर आळ येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर, नीलेश आणि मी केंद्राच्या दारात होतो. मंगलताई कुलूप काढत होत्या. वेळेच्या आधी आल्या होत्या, हे मी पाहिलं.

"या. चोर बघायला आलात ना?"

"आमच्याकडचा चोर शोधायला आलोय, ताई. तुम्ही रोजच्यासारखं करा. आम्ही इथे नाहीच असं समजा."

"असं कसं समजू? तिघं जण पेशंटच्या खुर्च्या अडवून बसलाय."

बाकावरच्या एका वृद्ध रुग्णाने सरांना ओळखलं. "तू भोईरांचा हरेस ना रं? तुला काय झाला? किडनी?"

"नाय काका. कामावर हाय."

"बसून?" काकांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. "मना पन असाच काम पायजे व्हता."

तिथल्या एकाच कॉम्प्युटरमध्ये विंडोज आणि लिनक्स दोन्ही होती. मंगलताईंनी तो आधी विंडोजमध्ये सुरू केला. डायलिसिसला लागणारं पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची आकडेवारी दाखवणारा प्रोग्रॅम फक्त तिथेच चालतो, आणि पाणी बघितल्याशिवाय त्या एकाही रुग्णाला यंत्रावर घेत नसत. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मध्यरात्र उलटल्याचं दाखवत होतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून ते दुरुस्त केलं. मग कॉम्प्युटर बंद करून आमच्या प्रोग्रॅमसाठी लिनक्समध्ये पुन्हा सुरू केला.

सरांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे घड्याळ रोज चुकतं?"

"रोज. मी रोज नीट करते."

"बाकीच्या सिस्टर?"

"त्या पाणी प्लांटवर जाऊन बघतात. कॉम्प्युटर सरळ तुमच्या प्रोग्रॅमवरच चालू करतात. मला आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने पडद्याचा कोपरा दाखवला. तिथे आता दुपार झाली होती. बाहेर शाळेच्या बसमध्ये मुलं चढत होती.

कॉम्प्युटर बंद असला तरी त्याच्या आत एक छोटं घड्याळ चालू असतं. विंडोज ते भिंतीवरच्या घड्याळासारखं, जसंच्या तसं वाचतं. लिनक्स त्याला जागतिक वेळ समजतं आणि भारतासाठी त्यात साडेपाच तास मिळवतं. आपापल्या घरात दोघंही बरोबर असतात. पण एकाच कॉम्प्युटरमध्ये दोघं नांदत असले आणि कुणी विंडोजमध्ये वेळ दुरुस्त केली, तर लिनक्स साडेपाच तास पुढे पळतं. पुढे ट्रस्टचं कार्यालय उघडलं की इंटरनेट सुरू व्हायचं. लिनक्स त्यावरून स्वतःची वेळ सुधारून घ्यायचं आणि आतलं घड्याळही परत जागतिक वेळेवर न्यायचं. म्हणून डायलिसिस संपल्याची वेळ बरोबर पडायची, आणि विंडोजमधलं घड्याळ दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे गेलेलं असायचं.

म्हणजे जी सिस्टर पाण्याचे आकडे आधी बघत होती आणि चुकलेलं घड्याळ नीट करत होती, तिच्याच नोंदी उलटत होत्या. आमच्याकडे हे कधीच दिसलं नसतं. आमच्या प्रत्येक टेबलावर एकच सिस्टीम. चूक होती ती एका सिस्टीममधून दुसरीत जाण्याच्या वाटेवर, आणि त्या वाटेने आमच्यापैकी कुणी कधी गेलंच नव्हतं.

नीलेश उभा राहिला. "ताई, सॉरी."

"आधी पेशंट घेऊ दे," मंगलताई म्हणाल्या.

व्यवस्थापकांचं म्हणणं पडलं की पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्ती करावी. "सर, आपण होऊन कशाला सांगायचं? सिस्टरना समज देऊन सोडतील."

"समज कसली? घड्याळ बरोबर केल्याची?" सर म्हणाले आणि ट्रस्टच्या बैठकीची वेळ मागून घेतली.

बैठकीला ते केंद्रातला तोच कॉम्प्युटर घेऊन गेले. एक बाजू नीलेशने धरली होती. भाषण त्यांनी केलं नाही. अध्यक्षांना विनंती केली, "साहेब, आज मंगल सिस्टरचं काम तुम्ही करा." अध्यक्षांनी विंडोज सुरू केलं. घड्याळ चुकलेलं दिसलं, तसं न सांगताच त्यांनी ते दुरुस्त केलं. मग लिनक्स. मग आमच्या प्रोग्रॅममध्ये एक खोटा रुग्ण यंत्रावर लावला. सरांनी इंटरनेट जोडलं आणि थोडं थांबून म्हणाले, "आता रुग्णाला सोडा."

पडद्यावर नोंद उमटली. डायलिसिस सुरू होण्याआधीच संपलं होतं.

अध्यक्ष पडद्याजवळ वाकले. "म्हणजे मीपण खोटी वेळ टाकली?"

"नाही साहेब. तुम्ही चुकलेलं घड्याळ नीट केलंत. मंगलताई रोज तेच करत होत्या. चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे. उलटी वेळ समोर दिसत असून तो गप्प बसला."

"हे तुम्ही कंपनीतर्फे बोलताय?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"हो. लिहून घ्या."

नोटीस त्याच बैठकीत मागे घेतली गेली. मंगलताईंना आत बोलावून अध्यक्षांनी सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त केली. त्या ताठ उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बरं. मी जाऊ? दुसरी पाळी लावायची आहे." दारापाशी मात्र त्या थांबल्या, वळल्या आणि सरांना वाकून नमस्कार केला. सर इतके गडबडले की त्यांनी उलट नमस्कार केला, आणि मग सगळी बैठक हसली. त्या हसण्यात मंगलताईंचंही हसणं होतं.

कंपनीचं नाव जाईल अशी व्यवस्थापकांना भीती होती. घडलं उलटं. आपली चूक दाखवायला जे स्वतः मशीन उचलून आणतात त्यांच्यावर भरवसा ठेवता येईल, असं म्हणून ट्रस्टने आपली बाकीची केंद्रंही आम्हाला दिली. आता आमचा प्रोग्रॅम उलटी वेळ स्वीकारत नाही, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ अचानक उडी मारून गेलं तर थांबून विचारतो. कार्यालयात चौथं टेबल आलं आहे. त्याच्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टीम एकत्र नांदतात, आणि विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाचे पहिले दिवस त्याच टेबलावर जातात. मंगलताई आज त्या केंद्राच्या प्रमुख आहेत.

सर साठ वर्षांचे होत आहेत. माणूस खोटं बोलतो असं वाटलं की आधी आपलं यंत्र तपासावं, ही त्यांची शिकवण घेऊन आम्ही काम करतो आहोत, आणि ती आम्हाला प्रत्यक्ष करून दाखवायला ते अजून खूप वर्षं आमच्यात हवे आहेत.

या ग्रंथासाठी मी मंगलताईंकडे दोन ओळी मागितल्या. लिहायला वेळ नाही म्हणाल्या, पण निरोप दिला. "त्यांना सांगा, शंभर वर्षं जगायचं. आणि शंभर वर्षांत एकदाही माझ्या सेंटरला पेशंट म्हणून यायचं नाही."

दीर्घ, निरोगी आयुष्याची याहून नेमकी शुभेच्छा मला सुचत नाही. तिच्याखाली मी माझंही नाव लिहिते.

रेवती साळुंखे