घरगुती शिपाई

ग्लेंडा हॅलमच्या समोर 'गॅरेज' हा शब्द काढायची सोय नव्हती. फाउंड्री म्हणायचं. आणि खरंच, त्या गॅरेजात गाडी होतीच कुठे? गाडी बिचारी बारा महिने रस्त्यावर पावसात भिजायची, आणि छपराखाली कथील वितळवायचं भांडं, साचे फिरवायचं यंत्र आणि भिंतभर रबरी साचे असा सगळा संसार. तिचा नवरा रॉय रेल्वेतून निवृत्त झालेला, स्वभावाने मिश्कील. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आधी गाडीला घराबाहेर काढलं. आता नंबर माझा आहे. छत्री घेऊन ठेवलीय मी."

लग्नाआधीपासून ग्लेंडा इंग्लंडातल्या आमच्या न्यूआर्कहून रोज नॉटिंगहॅमला जायची, शिपाई ओतायला. अंगठ्याएवढे धातूचे शिपाई. चांगली मोठी, नोकरीधंद्याची माणसं ते विकत घेतात, बारीक ब्रशने रंगवतात आणि रविवारी टेबलावर जुन्या लढाया पुन्हा लढतात. फासे टाकायचे, टेप लावून अंतर मोजायचं आणि मग त्यावरून भांडायचं. यात हसण्यासारखं काही नाही. हसणाऱ्याने एकदा ओतून बघावं. दोन रबरी तबकड्यांच्या मध्ये शिपायांचे खळगे असतात. तबकड्या गरगर फिरवायच्या आणि वरच्या भोकातून पातळ कथील सोडायचं. ते कडेपर्यंत धावत जातं, भाल्याच्या टोकापर्यंत. रस जरा थंड असला की भाला अर्धाच येतो, जरा जास्त तापला की साचा करपतो. ग्लेंडाचा भाला कधी अर्धा यायचा नाही. डबीवर नाव मात्र, जिच्यावरून साचा काढतात ती मूळ बाहुली घडवणाऱ्या साहेबांचं यायचं. ओतणाऱ्या बायकांची नावं कोण छापतो?

पुढे नॉटिंगहॅमची ती ओतकामाची शेड बंद पडली. मालकाने यंत्र भंगारात काढलं, ते ग्लेंडाने घरी आणलं. साचे दुसऱ्या एका कंपनीने घेतले. म्हणजे यंत्र आहे, हात आहे आणि ओतायला काही नाही अशी गत. रॉय सहज बोलून गेला, "जुने शिपाई पडलेत ना घरात? त्यांच्यावरून कर की साचा. कुणाला कळतंय?"

बाई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "दुसऱ्याचं पोर माझं म्हणून मिरवू का मी?"

मग नातवंडं खेळवायच्या वयात ती स्वतः घडवायला शिकली. पुट्टी मळायची आणि दातांच्या डॉक्टरकडची जुनी हत्यारं घेऊन कोरत बसायचं. पहिला शिपाई असा झाला की त्याला गालगुंड झालंय असं रॉय म्हणाला. तिने तो मोडला, दुसरा केला, तोही मोडला. हळूहळू हात बसला. बाकीचे सगळे राजाचे सरदार घडवायचे, टोप्यांना पिसं लावून. राजा आणि पार्लमेंटच्या जुन्या यादवीत आमच्या गावाला वेढा पडला होता, ग्लेंडाने त्या वेढ्यातली साधी माणसं घडवली. तटावर टाकायला पाटीतून माती नेणारी बाई, कानाला फडकं बांधलेला तोफेवरचा म्हातारा, शेवटचा पाव काखोटीला मारून निघालेला बेकरीवाला. लांबलांबून मागणी येऊ लागली. प्रत्येक डबीवर ती कायद्याप्रमाणे छापायची, 'हे लहान मुलांचं खेळणं नव्हे'. त्यात कधी हयगय नाही. वर्षातून एकदा, शरद ऋतूत, गावातल्या शिपाईवेड्यांच्या क्लबचं प्रदर्शन गावच्या क्रीडागृहात भरायचं. तिथे दाराजवळचं टेबल तिचं. तो तिचा सण होता. त्या दिवसासाठी ती केस कापून घ्यायची.

तर एका वर्षी त्या प्रदर्शनात कुणी एक बाहेरचा माणूस आला आणि एका मोठ्या कंपनीचे शिपाई घरी थ्रीडी प्रिंटरच्या यंत्रावर हुबेहूब छापून, टेबलभर मांडून विकून गेला. सरळसरळ चोरी. कंपनीच्या वकिलाने क्लबला दम भरला. क्रीडागृहाचा व्यवस्थापक घाबरला, म्हणाला, पुन्हा असं झालं तर दुसरी जागा बघा. क्लबची बैठक बसली, आणि त्या बैठकीत सगळ्यांत मोठा आवाज होता ग्लेंडाचा.

खरं सांगायचं तर तिचा डोळा त्या पळून गेलेल्या चोरावर नव्हताच. तो होता टोमाश कुरेकवर. टोमाश पोलंडचा, चाळिशी ओलांडलेला, बिटाच्या साखर कारखान्यात कामाला. वर्षभरापूर्वी क्लबात आला होता. तोही शिपाई विकायचा. कॉम्प्युटरवर घडवायचे आणि मागच्या खोलीतल्या यंत्रावर छापायचे. ग्लेंडाच्या पोटात दुखायचं ते इथेच. "यंत्र रात्रभर राबतं, हा घोरतो, आणि सकाळी उठून कारागीर," ती म्हणायची. तिने ठराव मांडला: घरी बनवलेला माल प्रदर्शनात विकायचा नाही. भराभर हात वर झाले. क्लबचा सचिव क्लाइव्ह टॅन्सली हा जुना पोस्टमन, नियमांचा मोठा भक्त. त्याने ठराव सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

ग्लेंडा मोठ्या दिमाखात घरी आली आणि रॉयला सगळं सांगितलं. रॉयने चहाचा कप खाली ठेवला.

"मग आपण काय विकायचं?"

"आपण म्हणजे?"

"तू शिपाई कुठे बनवतेस?"

"फाउंड्रीत."

"आणि ती फाउंड्री कुणाच्या घराला चिकटलीय, बाई?"

ग्लेंडाने वळून फाउंड्रीच्या दाराकडे बघितलं. आपल्या हाताने आपल्या पायावर एवढा मोठा धोंडा न्यूआर्कात अजून कुणी पाडून घेतला नसेल. तिच्या मनात ते घरी बनवलेलं नव्हतंच. ते काम होतं. घरी बनवलेलं म्हणजे त्या टोमाशचं.

क्लाइव्हच्याही ते लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "अगं, तू कशाला काळजी करतेस? तुला कोण अडवतंय? तुझा अपवाद करून टाकू. नियम आहे तो त्याच्यासारख्यांसाठी."

टेबल वाचलं. खरं तर बाईला हायसं वाटायला हवं होतं, पण ते 'त्याच्यासारख्यांसाठी' तिला खटकलं. त्याच्यासारखा म्हणजे कसा? तो चोर आहे हे आपण पाहिलंय कुठे? तिने ठरवलं, जाऊन बघायचंच. चोर निघाला तर प्रश्न मिटला, निवांत अपवाद घ्यायचा. शनिवारी न सांगताच ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

टोमाशने दार उघडलं. हातात रबरी मोजे, अंगात एप्रन. त्याची भाषा पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे तो बोलायला लागला की भाषण चाललंय असं वाटायचं.

"हॅलमबाई. आपले स्वागत आहे. कृपया कशाला हात लावू नका, रसायन ओले आहे."

मागची खोली पलंगाएवढी. खिडकी सताड उघडी, तरी रसायनाचा उग्र दर्प, त्यात बाहेरून बीट शिजल्याचा कारखान्याचा वास. पातळ रसायन थराथराने घट्ट करत बाहुली उभी करणारं यंत्र होतं डब्याएवढं, आणि ते बंद होतं. चालू होता कॉम्प्युटर, आणि पडद्यावर एक खेचर. भर रस्त्यात बसकण मारलेलं. पाठीवर सामान, कान मागे पाडलेले, आणि तोंडावर असा भाव की राजा आला तरी उठणार नाही. ग्लेंडाला फसकन हसू आलं.

"हे कुठे बघितलंस?"

"आमच्या गावी शेजाऱ्यांकडे होते. पुलाच्या मधोमध बसत असे. कान मला जमत नव्हते. आधी ससा झाला, मग गाढव झाले." त्याने कोपऱ्यातला खोका उघडून दाखवला. तो फसलेल्या खेचरांनी भरला होता.

"हे परत वितळवत नाहीस?"

"हे वितळत नाही. आपले कथील चूक माफ करते, माझे रसायन करत नाही."

तिने छापलेलं खेचर तळहातावर घेतलं. चष्मा वर करून, डोळ्याशी नेऊन पाहिलं. छापताना लावलेल्या आधाराच्या काड्या त्याने एकेक करून काढल्या होत्या आणि त्यांच्या खुणा इतक्या निगुतीने घासल्या होत्या की बोटाला लागत नव्हत्या. हा माणूस घोरत नव्हता. संध्याकाळच्या संध्याकाळ इथे पाठ मोडून बसत होता. कारागिराला कारागीर ओळखू येतो, आणि ओळखल्यावर ग्लेंडाला स्वतःची लाज वाटली. तोंडावर रक्त चढेपर्यंत लाज वाटली.

"तो नियम मी मांडला," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे."

"आणि तरी चहा टाकतोयस?"

"आपण पाहुण्या आहात. भांडण चहानंतर करता येईल."

भांडण काही झालं नाही. निघताना त्याने विचारलं, आपली फाउंड्री पाहायला मिळेल का. रविवारी तो आला. ग्लेंडाने त्याला हातमोजे दिले, पळी दिली आणि ओतायला लावलं. बिचकत बिचकत ओतलं त्याने. साचा उघडला तर निम्म्या शिपायांचे भाले गायब.

"दिव्यात तेल घालतोयस का?" ती खेकसली. "ओत एका दमात. हात आखडता घेऊ नको."

मग तिने दुसरा साचा लावून स्वतः ओतून दाखवलं. साचा उघडला, तर पाटीवाल्या बायका रिंगणात उभ्या, एकीचंही बोट कमी नाही. टोमाश पुढे वाकला. त्याने एक बाई उचलली, अजून कोमट होती, आणि तळव्यात धरून ठेवली.

पुढची बैठक पबच्या वरच्या खोलीत. सदस्य झाडून हजर, दाराशी टोमाश. रॉयही आला होता, म्हणे बिअरसाठी. क्लाइव्हने सुरुवातच केली, "ग्लेंडाचा अपवाद लिहून घेतो. सगळ्यांना मान्य असणारच."

"मला मान्य नाही," ग्लेंडा म्हणाली. "नियम म्हणजे नियम. माझं टेबल काढ."

"अगं, वेडी का काय तू?"

"आणि केकचं टेबलही काढ."

खोलीत चुळबुळ झाली. आता हे बाहेरच्याला कळणार नाही, पण त्या प्रदर्शनाचा प्राण म्हणजे केकचं टेबल. ज्यांना भाला आणि बंदूक यातला फरक कळत नाही ती माणसंसुद्धा केकसाठी येतात, आणि क्रीडागृहाचं भाडं त्यातूनच निघतं. त्यातही क्लाइव्हचा कॉफी-अक्रोडाचा केक. तो दुपारपर्यंत संपतो, आणि संपला की क्लाइव्ह छाती पुढे काढून हॉलभर फिरतो.

"केकचा काय संबंध?" क्लाइव्ह म्हणाला.

"तू कुठे बनवतोस?"

"घरी. म्हणजे... केक घरचाच असतो. म्हणून तर लोक घेतात. पाटीवर आपणच लिहितो, सगळं घरगुती."

"तेच म्हणतेय मी. केक घरचा असला की कौतुक आणि शिपाई घरचा असला की चोर?"

"कुरेक यंत्रावर करतो, ग्लेंडा. बटण दाबायचं, झालं."

"तुझा ओव्हन काय चुलीवर चालतो? त्यालाही बटणच आहे."

लोक हसायला लागले. क्लाइव्हच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझा केक माझा आहे. मी कुणाचा चोरलेला नाही."

"कृती कुणाची?"

"आईची."

"आईने खायला शिकवली असेल. विकायची परवानगी दिली होती का?"

आता मात्र खोली दणाणली. खजिनदार बाईंना ठसका लागला. क्लाइव्ह लालेलाल होऊन बसला, पण माणूस सरळ मनाचा. थोड्या वेळाने त्याने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "बरं, तूच सांग. काय लिहू?"

ग्लेंडा उभी राहिली. "मागचा ठराव माझा होता आणि तो चुकीचा होता. कुठे बनवलं हे विचारूच नका. कुणाचं आहे ते विचारा. स्वतः घडवलेलं असेल, नाहीतर घडवणाऱ्याने विकायची परवानगी दिली असेल, तर खुशाल विका. चोरलेलं विकायचं नाही."

"आणि ते आम्ही ओळखायचं कसं? जो तो सांगेल, माझंच आहे म्हणून."

"दुसऱ्या कुणीतरी ते बनताना डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. आणि त्याने चारचौघांत उभं राहून सांगायचं."

हात वर झाले, क्लाइव्हचाही झाला. नियम झाला म्हटल्यावर त्याच्या अंगात पुन्हा सचिव संचारला. "ठीक आहे. आत्तापासून लागू. कुरेक यांचं काम कुणी पाहिलंय?"

"मी," ग्लेंडा म्हणाली. "त्याच्या घरी जाऊन. सगळं त्याचं स्वतःचं आहे. खेचर तर असं आहे की मला जमणार नाही."

"लिहिलं. आता तुझं काम कुणी पाहिलंय?"

खोलीतले सगळे हात वर. ग्लेंडाने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"खाली करा. माझं टेबल पाहिलंय तुम्ही. बनवताना कुणी पाहिलंय?"

एकेक हात खाली आला. इतकी वर्षं तिच्याकडून शिपाई घेतलेली माणसं, पण ते ओततात कसे हे बघायला एकही तिच्या दारात आला नव्हता. आता ते तिलाही कळलं आणि त्यांनाही. रॉयने तोंड उघडलं, पण क्लाइव्हने त्याला बोटानेच गप्प केलं. नवऱ्याची साक्ष कशी चालेल? तिचं टेबल तिच्याच नियमाने जातंय की काय, अशी वेळ आली.

दाराजवळची खुर्ची सरकली. टोमाश उभा राहिला. आधी कोटाचं बटण लावलं आणि मग म्हणाला, "मी पाहिले आहे. हे सर्व हॅलमबाई स्वतः बनवतात. घडवतात त्याच आणि ओततातही त्याच. मी ओतले तेव्हा बिघडले. त्यांनी ओतले तेव्हा एकही बोट कमी आले नाही."

खोलीत कुणी हसलं नाही. ग्लेंडाच्या आयुष्यात भरल्या खोलीत उभं राहून कुणी असं म्हटलं नव्हतं, की हे हिने बनवलंय. तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ. ती टोमाशकडे वळली.

"जरा मोठ्याने सांग," ती म्हणाली. "मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही."

टोमाशने घसा साफ केला आणि पहिल्या शब्दापासून सगळं पुन्हा सांगितलं.